गाडी आली, रिमोट राहिला

आमच्या पुण्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, एक खोका चोवीस वर्षं पडून होता. सणासुदीला मोठी पातेली काढायला कुणी वर चढलं की तो थोडा पुढे सरकायचा आणि पातेली परत ठेवताना पुन्हा भिंतीकडे ढकलला जायचा. पांढऱ्या खोक्यावर एका काळ्या गाडीचं चित्र होतं. पुढे लहान चाकं, मागे दांडगी काटेरी चाकं, टोकदार नाक. बाजूला इंग्रजीत नाव, हॉर्नेट. म्हणजे गांधीलमाशी. खोक्यात गाडी होती, पण ती चालवायचा रिमोट नव्हता. तो इंग्लंडमध्ये राहिला होता आणि तो का राहिला, यावरून माझं बाबांशी बरीच वर्षं मनातल्या मनात भांडण होतं.

ते भांडण सांगण्याआधी या खेळाबद्दल सांगायला हवं. कारण आपल्याकडे रिमोटची गाडी म्हटलं, की तुळशीबागेतलं किंवा जत्रेतलं खेळणं डोळ्यांपुढे येतं. सकाळी आणलं, संध्याकाळी मोडलं. मी बोलतोय ती गाडी तशी नव्हे. ती सुट्या भागांत मिळते. आपण जोडायची, मोडेल तो भाग नवा आणून बसवायचा आणि शर्यतीत उतरवायची. आकार खऱ्या गाडीच्या एक दशांश. तिला बग्गी म्हणतात. आपली बग्गी घोड्याची. ही वाळूवर, गवतावर, खडबडीत जमिनीवर उड्या मारत धावणारी.

रेडिओवरून बोलतो आहे, तेव्हा सुरुवात रेडिओपासूनच करू. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहानशी बोट सोडली. मध्ये कुठेही तार नसताना त्याने ती काठावरून वळवून दाखवली, तिचे दिवे लावून-विझवून दाखवले. बघणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, आत शिकवलेलं माकड बसवलं आहे, असं सांगतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याला पेटंट मिळालं. मार्कोनीचा अटलांटिकपारचा संदेश यायला अजून तीन वर्षं होती. म्हणजे बघा, माणसाचा आवाज हवेतून ऐकू येण्याच्या आधी हवेतून सुकाणू फिरलं होतं. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ही गोष्ट जरा टोचेल, पण खरी आहे.

दुसरा धागा फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचा. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स नावाचा बोटी बांधणारा कारागीर होता. १९६४ साली त्याने बीटलच्या यंत्रांगावर फायबरग्लासचं हलकं कवच चढवून वाळूत पळणारी गाडी केली. तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया या उजाड पट्ट्यात पहिली मोठी वाळवंटी शर्यत झाली. ती अशाच एका गाडीने साडेसत्तावीस तासांत जिंकली. मग काय, बीटल कापून, तिची चाकं मोठी करून वाळूत नेण्याचं वेडच लागलं.

हे दोन धागे एकत्र आले जपानमध्ये, शिझुओका शहरात. तिथे योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याचा धंदा सुरू केला होता. त्यातूनच लाकडी नमुने, म्हणजे मॉडेलं, करायला लागले. १९५१ मध्ये आग लागली, लाकडाचा साठा जळाला आणि पुढे मॉडेलं हाच मुख्य धंदा झाला. मुलगा शुनसाकु तामिया यांनी तो जगभर नेला. हा गृहस्थ तपशिलासाठी इतका हट्टी, की पोर्शे गाडीचं मॉडेल करायचं म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि खोलून पाहिली. १९७६ मध्ये त्यांची पहिली रेडिओवर चालणारी गाडी आली, तीही पोर्शेच. १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या दोन बग्ग्या आल्या. सँड स्कॉर्चर म्हणजे बाहाच्या वाळवंटातली कापलेली बीटलच, हातभर लांबीची. धातूचे ओतीव भाग, रेडिओसाठी पाणी न शिरणारी पेटी. खेळणं आणि यंत्र यांच्यातली रेघ तिथे पुसली गेली. शुनसाकु २०२५ च्या जुलैमध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. ती बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रात मला काही दिसली नाही. मी ती बाबांना वाचून दाखवली.

आता माझ्याकडे येतो. बाबा भूलतज्ज्ञ. १९८३ साली इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका शहरात त्यांना इस्पितळात नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. मी दहा वर्षांचा. दुकानाच्या काचेत मी पहिली बग्गी पाहिली ती पुढच्या वर्षी. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन्ही गाड्या १९८४ मध्ये आल्या. ग्रासहॉपर स्वस्त, मोटार लहान. हॉर्नेटची मोटार मोठी. मला अर्थातच हॉर्नेट हवी होती. एक नाताळ, दोन वाढदिवस आणि शेजाऱ्यांच्या गाड्या धुवून जमवलेले पैसे, असं सगळं मिळून १९८५ च्या हिवाळ्यात तो खोका घरी आला.

जोडायला तीन रात्री लागल्या. बाबा रात्रपाळी करून आलेले असायचे, पण जमिनीवर सतरंजी पसरून बसायचे. इंग्रजी अक्षर 'ई'च्या आकाराच्या बारीक कड्या असतात, त्या दांडीच्या खाचेत बसवायच्या. बोट जरा चुकलं, की टुणकन उडून गालिच्यात गडप. बाबांनी इस्पितळातला एक जुना चिमटा आणला. त्या चिमट्याने त्यांनी एकही कडी हरवू दिली नाही. कवच पारदर्शक प्लॅस्टिकचं असतं आणि त्याला रंग आतून द्यायचा असतो, म्हणजे बाहेरून ओरखडे पडले तरी रंग जात नाही. आई म्हणाली, "काचेवरच्या चित्रांसारखं आहे हे, उलटं." त्यासाठी जे सर्वांत वर दिसायला हवं, ते आधी रंगवायचं. मी ते विसरलो आणि माझी गांधीलमाशी नाकाशी कायमची थोडी पिचकट करडी राहिली.

गाडी म्हणून हॉर्नेट फार शहाणी नव्हती. मागची चाकं आणि गिअरची पेटी मिळून एकच अवजड तुकडा, तो अख्खा हलायचा. खडबडीत जागेवर ती मागून बेडकासारखी टुणटुण उडायची. वेग कमी-जास्त करायला तीन पायऱ्यांचं साधं बटण आणि जास्तीची वीज जाळायला एक पांढरा रेझिस्टर, जो इतका तापायचा की बोट लावायची सोय नाही. पण ती मोडत नसे, हे तिचं खरं कौतुक. जिन्यावरून पडली, कुंपणावर आदळली, तरी उलटी होऊन चाकं फिरवत राहायची.

शर्यत दर मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या सभागृहात. लाकडी जमीन, मेण लावल्यासारखी गुळगुळीत. जुने आगीच्या बंबाचे पाइप पसरून वाट आखलेली. प्रत्येक शर्यत पाच मिनिटांची. पाचच का? यामागे बॅटरी आहे. निकेल-कॅडमियमच्या सहा नळ्या, ७.२ व्होल्ट, १२०० मिलिअँपिअर-तास. पाच मिनिटांत ती संपवायची तर सरासरी १४.४ अँपिअर वीज ओढता येते. त्याहून जास्त ओढाल तर वेग मिळेल, पण शेवटच्या फेरीत गाडी रडत थांबेल. म्हणजे शर्यत नुसती चालवण्याची नव्हती, काटकसरीचीही होती. बारा वर्षांच्या पोराने विजेचा हिशेब शाळेत नव्हे, तिथे शिकला. पुढे मी विद्युत अभियंता झालो, त्याचं मूळ कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि दुसरा हिशेब लहरींचा. आमचे रिमोट २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत. त्या पट्ट्यात सहा जागा, सहा रंग ठरलेले: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. रिमोटमध्ये आणि गाडीत त्या-त्या रंगाचा क्रिस्टल बसवायचा आणि रिमोटच्या एरिअलला त्या रंगाची फीत बांधायची. एकाच रंगाचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले, तर गाडी कुणाचं ऐकेल सांगता येत नाही. म्हणून भिंतीवर एक फळी असे आणि तिच्यावर रंगीत कपड्यांचे चिमटे लावलेले. आपल्या रंगाचा चिमटा हातात असल्याशिवाय रिमोटचं बटण दाबायचं नाही. याच पट्ट्याच्या आसपास ट्रकवाल्यांचे गप्पा मारायचे रेडिओ चालत. ब्रिटनमध्ये ते नोव्हेंबर १९८१ मध्ये कायदेशीर झाले, पण जुने बेकायदा संच वापरणारे पुष्कळ होते. बाहेरच्या रस्त्यावरून असा एखादा बडबड्या गेला, की आत सभागृहात दोन-तीन गाड्या अंगात आल्यासारख्या गोल फिरायच्या.

१९८६ च्या वसंतात एका मंगळवारी मी चिमटा घ्यायला विसरलो. माझा क्रिस्टल पिवळा. गाडीचं सुकाणू नीट वळतं की नाही ते पाहायला मी टेबलाशी बसून रिमोट चालू केला. त्याच क्षणी शर्यतीत पुढे असलेली एक पिवळ्या क्रिस्टलची गाडी सुसाट जाऊन बाकाच्या लोखंडी पायावर आदळली. पुढचा भाग फुटला. त्या गाडीचा मालक पन्नाशीचा गृहस्थ होता. तो माझ्याकडे आला आणि अख्ख्या सभागृहासमोर ओरडला. पहिलं वाक्य माझ्या मूर्खपणाबद्दल होतं. ते रास्त होतं. दुसरं वाक्य असं, की तुम्ही लोक जिथून आलात तिथे परत जा.

कुणी काही बोललं नाही. बाबा माझ्या मागे उभे होते. ते पुढे झाले, माझ्या वतीने माफी मागितली, फुटलेल्या भागाचे पैसे किती होतील ते विचारलं आणि तिथेच दिले. दुसऱ्या वाक्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. घरी येताना गाडीत आम्ही गप्प होतो. मला वाटत राहिलं, बाबा घाबरले. पुढच्या मंगळवारी जेवणानंतर त्यांनी मला काही न विचारता गाडीची किल्ली घेतली आणि खोका मागच्या सीटवर ठेवला. मी निमूट बसलो. ते अडीच वर्षं असंच चालू राहिलं आणि त्या गृहस्थाशी शेवटी-शेवटी आमची मान हलवण्याइतकी ओळखही झाली.

त्या वर्षांत हा खेळ खूप वेगाने बदलत होता आणि आम्ही तो मासिकांतून वाचायचो. अमेरिकेत असोसिएटेड या कंपनीची आरसी १० ही बग्गी १९८४ मध्ये आली होती. सोनेरी झळाळीचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकांना स्वतंत्र तेलाचे शॉक. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मागच्या दोन चाकांच्या गटात जे हॅल्सी आरसी १० घेऊन जिंकला. आमच्यापासून फार लांब नसलेल्या नॉर्थम्प्टनला सेसिल शूमाकर नावाचे अभियंता होते, पूर्वी कॉसवर्थ या रेसिंग इंजिनांच्या कारखान्यात काम केलेले. गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त फिरायला हवं, आतलं कमी. मोठ्या गाडीत ते काम दातेरी चाकं करतात. यांनी १९८० च्या सुमारास ते बारीक पोलादी गोळ्यांवर करून दाखवलं. स्क्रू पिळून त्याची पकड कमी-जास्त करता येते. पुढे रेसिंगच्या बग्ग्यांमध्ये हीच पद्धत रूढ झाली. १९८७ ची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्येच, रोम्सीला भरली. चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांच्या गटात विशीही न गाठलेला मासामी हिरोसाका नावाचा जपानी मुलगा शूमाकरची गाडी घेऊन जिंकला. पुढे त्याने एकूण चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. बाबांची ड्यूटी होती म्हणून आम्हाला रोम्सीला जाता आलं नाही. ते मात्र अजून डाचतं.

१९८८ च्या उन्हाळ्यात आम्ही भारतात परतायचं ठरलं. सामान बांधताना बाबांनी हॉर्नेट खोक्यात घातली आणि रिमोट बाजूला काढून ठेवला. म्हणाले, हा नेता येणार नाही.

आज विशीतल्या मुलांना हे समजावणं अवघड आहे. पण आपल्यापैकी ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असेल, नुसता रेडिओ ऐकायलासुद्धा एके काळी पोस्टात जाऊन लायसन्स भरावं लागे. ते पासबुकासारखं पुस्तक, त्यावरची तिकिटं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चालू होतं. आणि ऐकण्यालाच जर परवाना, तर लहरी सोडणाऱ्या यंत्राचं काय? १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट तेव्हा म्हणत होता, परवान्याशिवाय वायरलेसचं यंत्र जवळ बाळगणंच गुन्हा. बाबांच्या एका परिचिताने मुलासाठी वॉकी-टॉकी आणला होता, तो विमानतळावर ठेवून घेतला गेला होता. बाबांनी तो कायदा मागवून वाचला होता. डॉक्टर माणूस, रिमोटसाठी कायदा वाचतो! त्यांनी रिमोट शेजारच्या मुलाला देऊन टाकला. त्या मुलाकडे गाडी नव्हती. आमच्याकडे रिमोट नव्हता. असला व्यवहार.

सहार विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने खोका उघडून गाडी हातात घेतली, चाक फिरवून पाहिलं आणि "छान आहे" म्हणून परत दिली. मी बाबांकडे पाहिलंही नाही. माझं म्हणणं एकच होतं, की हा माणूस कायम घाबरत आला आहे. तिथेही घाबरला आणि इथेही.

मग दहावी, बारावी, सीओईपी, नोकरी, लग्न, मुलगी. या चोवीस वर्षांबद्दल या विषयापुरतं सांगण्यासारखं काही नाही. खोका माळ्यावर होता.

पुण्याच्या मोटार उद्योगातल्या अनेकांप्रमाणे माझाही इंग्लंडशी संबंध पुन्हा आला. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतल्यावर पुण्याहून कव्हेंट्रीच्या बाजूला जाणाऱ्यांची रीघ लागली. माझी कंपनी वेगळी, पण रस्ता तोच. २०१२ मध्ये दोन वर्षांसाठी वॉरिकशरमध्ये बदली झाली. बॅग काढायला माळ्यावर चढलो आणि खोका हाताला लागला. उघडला तर बॅटरीवर पांढरी बुरशी आलेली, टायर कडक होऊन तडकलेले, कवचावरची चित्रं पिवळी पडलेली. बायको म्हणाली, "कपड्यांचं वजन आधीच जास्त आहे." मी दोन स्वेटर काढून ठेवले आणि खोका घातला.

तिकडे गेल्यावर कळलं, की या वेडाला लागलेला मी एकटा नाही. नव्वदच्या दशकात हा खेळ बराच ओसरला होता. पोरं टीव्हीवरच्या गेमकडे वळली होती. पण १९८४ ची पोरं आता कमावती झाली होती आणि हे शिझुओकातल्या मंडळींनी अचूक हेरलं. २००४ मध्ये त्यांनी हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली. तीच गाडी, तेच चित्र. २००५ मध्ये ग्रासहॉपर, २०१० मध्ये सँड स्कॉर्चर. अमेरिकन आरसी १० सुद्धा २०१३ मध्ये परत आली. यात धंदा आहे, हे उघड आहे. चाळिशीच्या माणसाला त्याचं बारावं वर्ष खोक्यात घालून विकायचं, यापेक्षा सोपा धंदा कोणता? मीही आधी नाक मुरडलं. मग लक्षात आलं, की नव्या हॉर्नेटचे भाग जुन्या हॉर्नेटला बसतात. टायर, शॉक, गिअर, सगळं. सत्तावीस वर्षं जुन्या यंत्राचा सुटा भाग दुकानात नवा कोरा मिळणं म्हणजे काय, हे ज्याने जुनी स्कूटर सांभाळली आहे त्याला विचारा. मी नाक मुरडणं बंद केलं.

बदललं होतं ते बाकी सगळं. कॅडमियम विषारी म्हणून जुन्या बॅटऱ्या गेल्या होत्या आणि लिथियम-पॉलिमर आल्या होत्या, चौपट विजेच्या. त्या आपटल्या किंवा जास्त चार्ज झाल्या तर पेट घेतात, म्हणून आग न पकडणाऱ्या पिशवीत ठेवून चार्ज करायच्या. मोटारीत कार्बनचे ब्रश उरले नव्हते. आणि रंगीत चिमट्यांची ती फळी नाहीशी झाली होती. आता सगळे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या घरातलं वायफाय जिथे चालतं तिथे. रिमोट आणि गाडी यांची एकदा गाठ बांधून द्यायची, की गाडी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. एका खोलीत वीस जण चालवोत. यातले पुष्कळ संच सेकंदात अनेकदा लहर बदलत राहतात. ही कल्पना जुनी आहे. हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी १९४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, पाणतीरांसाठी. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदावरून सुचलेली, अठ्ठ्याऐंशी लहरींची योजना. आजचा रिमोट थेट तिच्या पेटंटमधून निघाला असं जे सांगितलं जातं, ती अतिशयोक्ती आहे. पण ती फळी पाहिलेल्या माणसाने त्या दोघांना मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

क्लब दुसरा होता, सभागृह मात्र तसंच. जुन्या गाड्यांसाठी वेगळा गट होता, त्यात साध्या ब्रशच्या मोटारीच चालत. मला वाटलं होतं, हात आपोआप आठवतील. कसले आठवतात! गाडी आपल्याकडे येत असली की डावं-उजवं उलटं होतं, हे साधं गणित बोटांत उरलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांच्या मागे, शेवटून पहिला.

या खेळात एक जुना नियम आहे. आपली शर्यत संपली, की पुढच्या शर्यतीत आपण वळणावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. विश्वविजेता असो की नवशिका, सुटका नाही. चौथ्या की पाचव्या आठवड्यात मी प्रथमच तिसरा होतो. माझी गाडी वळणावर उलटली. तिथे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता, त्याचं लक्ष दुसरीकडे. एक सेकंद, दोन, तीन. मी वरून ओरडलो. "झोपलायस का? डोळे आहेत की नाही?" असं काहीतरी, आणि आवाज फार मोठा. सभागृह एकदम शांत झालं. मुलाने गाडी सरळ केली. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याचे वडील भिंतीशी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते आणि काहीच बोलत नव्हते.

मी रिमोट खाली ठेवला. शर्यत अर्धी सोडली. खाली जाऊन त्या मुलाची माफी मागितली, मग वडिलांची. वडील म्हणाले, "ठीक आहे." मुलगा माझी गाडी अजून हातात धरून होता. तो म्हणाला, "तुमचा मागचा शॉक तेल गाळतोय, म्हणून उलटतेय ती." आणि ते बरोबर होतं.

त्या रात्री मी पुण्याला फोन केला. तिकडे पहाट झाली होती, पण बाबा लवकर उठतात. त्यांना सगळं सांगितलं आणि मग जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, की १९८६ मध्ये तुम्ही त्या माणसाला काहीच का बोलला नाहीत?

बाबा म्हणाले, "पहिलं वाक्य खरं होतं. चूक तुझी होती, त्याचे पैसे दिले."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्याचं उत्तर दिलं की. पुढच्या मंगळवारी तुला घेऊन परत गेलो. दर मंगळवारी गेलो. रात्रपाळ्या बदलून घेतल्या त्यासाठी. तुला काय वाटलं, मला ते पाइप बघायची हौस होती?"

मला काय बोलावं ते सुचेना. मग त्यांनीच विचारलं, की शॉकमध्ये कुठलं तेल घालतात आता.

२०१४ मध्ये परतलो तेव्हा हॉर्नेट आली आणि या वेळी रिमोटही आला. आता मी दर रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत ती चालवतो. शर्यत नाही, स्पर्धक नाहीत, फार तर वॉचमनची दोन पोरं आणि एक कुत्रा, ज्याला गांधीलमाशीचा मनापासून राग आहे. त्या पहिल्याच रविवारी बाबांना खुर्ची टाकून दिली. वयाची ऐंशी जवळ आलेली, पण भूल देणाऱ्याची बोटं, अजून स्थिर. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. एरिअल कुठे आहे ते शोधलं, सापडली नाही.

"याला परवाना लागतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. हा पट्टा २००५ मध्ये सरकारने खुला केला."

"कागद आहे?"

मी फोनवर ती अधिसूचना काढून दाखवली. त्यांनी चष्मा सारखा करून ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. कुत्रा वाट बघत उभा होता. मग त्यांनी फोन मला परत दिला, बोट ट्रिगरवर ठेवलं आणि हॉर्नेट सरळ रेषेत, जराही न वळता, कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन आदळली.